वडिलांची शिल्लक आणि मुलाचे मुखत्यारपत्र

माणूस आयुष्यभर काटकसर करून चार पैसे गाठीला बांधतो, ते उतारवयात कोणापुढे हात पसरण्याची पाळी येऊ नये म्हणून. हात थकतील, पाय थकतील, दृष्टी मंदावेल, हे सारे तो गृहीत धरतो. परंतु देह धडधाकट राहिला आणि स्मृतीच निघून गेली, तर ती गाठ कोणी सोडायची, याचा विचार फारच थोड्या घरांत वेळेवर होतो. बहुतेक घरे अशी समजूत करून घेतात की, मुलाच्या नावे एक मुखत्यारपत्र करून ठेवले म्हणजे काम भागले. ही समजूत किती अपुरी आहे आणि तिच्या जोडीला आणखी काय करावे लागते, हे आज पाहावयाचे आहे.

उदाहरणादाखल एक कुटुंब डोळ्यांपुढे आणू. कुटुंब कल्पनेतले, पण त्याची ओळख अनेकांना पटेल. बेळगावच्या शहापूर भागात राहणारे एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, वय अठ्ठ्याहत्तर. पस्तीस वर्षे त्यांनी लोकांची बचतखाती सांभाळली. दिवसअखेरीच्या हिशेबात एका रुपयाचा फरक पडला, तरी तो सापडेपर्यंत घरी न जाणारे गृहस्थ. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणतात. पत्नी चार वर्षांपूर्वी निवर्तली. थोरला मुलगा आणि सून त्यांच्यापाशी असतात. मुलगी पुण्याला दिलेली आहे. धाकटा मुलगा नोकरीनिमित्त हैदराबादला स्थायिक झालेला आहे. घर स्वतःचे, निवृत्तिवेतन वेळेवर, आणि काही मुदतबंद ठेवी. अशा घरात पैशाचा प्रश्न उद्भवेल, असे कोणाला वाटावे?

एका गुरुवारी अण्णा बँकेतून पाच हजार रुपये घेऊन आले. मुलाने खातेपुस्तक पाहिले, तर सोमवारीही तेवढीच रक्कम काढलेली.

"अण्णा, सोमवारचे पैसे कुठे ठेवलेत?"

"कसले सोमवारचे? या महिन्यात आजच तर गेलो मी बँकेत."

पैसे दोन दिवसांनी तांदळाच्या डब्यात सापडले. सर्वजण हसले, अण्णाही हसले. त्यानंतर विजेचे बिल दोनदा भरले गेले. मग सही बदलली. 'पोस्टमास्तर' या शब्दाखाली हजारो वेळा उमटलेली ती ठसठशीत सही मध्येच तुटू लागली, आणि बँकेने एक धनादेश परत पाठवला. त्या दिवशी मात्र घरात कोणी हसले नाही.

वास्तविक पैशाचा हिशेब हे मनाच्या अवघड कामांपैकी एक आहे. त्याला स्मरण लागते, बेरीज-वजाबाकी लागते, आणि समोरचा माणूस खरे बोलतो की खोटे, ही पारखही लागते. त्यामुळे ज्या आजाराला वैद्यकशास्त्रात डिमेन्शिया म्हणतात आणि मराठीत स्मृतिभ्रंश म्हणण्याचा प्रघात आहे, त्याची चाहूल पुष्कळदा स्वयंपाकघरापेक्षा खातेपुस्तकात आधी लागते. या आजाराचा सर्वांत आढळणारा प्रकार अल्झायमर या जर्मन डॉक्टरच्या नावाने ओळखला जातो. त्याने १९०६ साली आपल्या एका रुग्ण स्त्रीची हकीकत वैद्यांपुढे मांडली होती. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत देण्यात आला. म्हणजे ही एखाद्या घराची लाजिरवाणी गोष्ट नव्हे. म्हातारपण म्हणजे विसरणे, असे म्हणून सोडून देण्याचीही ती गोष्ट नव्हे. प्रथम डॉक्टरांकडे जावे, हे बरे. कारण थायरॉइड ग्रंथीचा बिघाड, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा मनाची खोल उदासी यांमुळेही विस्मरण होते, आणि त्यांवर उपचार आहेत. अण्णांच्या बाबतीत तपासण्या झाल्या आणि निदान स्मृतिभ्रंशाचेच ठरले.

आता मुखत्यारपत्राकडे वळू. दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या पायाचे हाड मोडले होते. त्या वेळी त्यांनी स्वतः होऊन, पूर्ण शुद्धीत, थोरल्या मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दिले. त्या आधारावर मुलगा बँकेत व्यवहार करी. निदान झाल्यावर काही महिन्यांनी तो एक मुदतबंद ठेव मोडण्यासाठी गेला. अण्णांसाठी दिवसभराची माणूस ठेवायची होती, तिचा पगार द्यायचा होता. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने सहज आपुलकीने विचारले, "वडिलांची तब्येत कशी आहे? व्यवहार समजतो ना त्यांना?" मुलगा सरळ स्वभावाचा. तो म्हणाला, "नाही साहेब, आता काही समजत नाही." अधिकाऱ्याची लेखणी थांबली. कागद परत देत तो म्हणाला, "मग या मुखत्यारपत्रावर मला पैसे देता येणार नाहीत."

मुलाला हा अन्याय वाटला. ज्या दिवसासाठी छत्री घेऊन ठेवली, त्याच दिवशी ती उघडू नये, असा हा प्रकार. परंतु अधिकाऱ्याचे म्हणणे कायद्याला धरून होते. भारतीय संविदा कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारी ज्या प्रसंगांनी संपते, त्यांत मुखत्यारपत्र करून देणाऱ्याचा मृत्यू जसा आहे, तसेच त्याचे मन विकल होणे हेही आहे. यामागचा विचार असा की, मुखत्यार हा दुसऱ्याचा हात आहे. हाताला हुकूम देणारे मन जोवर जागे आहे, तोवरच त्या हाताच्या कृतीला अर्थ आहे. ज्या मालकाला आपण दिलेला अधिकार परत घेता येत नाही, हिशेब विचारता येत नाही, 'हे का केलेस' असे म्हणता येत नाही, त्याच्या नावाने दुसऱ्याने मनमानी व्यवहार करावेत, हे कायद्याला मान्य नाही.

याच अडचणीवर इतरत्र उपाय झालेला आहे. इंग्लंडमध्ये १९८५ साली एक कायदा करून, करून देणाऱ्याचे मन विकल झाल्यावरही टिकून राहील असे मुखत्यारपत्र अस्तित्वात आणण्यात आले. पुढे २००५ च्या कायद्याने त्याला अधिक बंदोबस्ताचे रूप दिले. आपल्याकडे तशी तरतूद नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनुष्याला आपला प्रतिनिधी आगाऊ नेमता येतो, परंतु तो केवळ उपचारांच्या निर्णयापुरता. बँकेच्या पैशांशी त्या प्रतिनिधीचा संबंध नाही. याआधीच्या १९८७ च्या कायद्यात अशा रुग्णाच्या मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालयाकडून व्यवस्थापक नेमून घेण्याची सोय होती. नव्या कायद्याने जुना कायदा रद्द केला, तेव्हा ती वाट बंद झाली आणि तिच्या जागी तशी सोपी वाट काढून देण्याचे राहून गेले.

श्रोतेहो, येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी मुलगा बँकेत काही बोलत नाही, बँकही काही विचारत नाही, आणि मुखत्यारपत्र चालत राहते. हेतू चांगला असतो, पैसे औषधालाच जातात. तथापि उद्या भावंडांत वाद निघाला, तर त्या काळातला एकेक व्यवहार प्रश्नांकित होतो, आणि ज्याने सेवा केली, त्याच्यावरच आरोपीसारखे उभे राहण्याची वेळ येते. याच संविदा कायद्याचे कलम २०९ मात्र अशा मुखत्याराला एक कर्तव्य सांगते. मुखत्यारी संपली, तरी त्याच्या हाती सोपविलेल्या हिताच्या रक्षणासाठी वाजवी ती सर्व खटपट त्याने केली पाहिजे. म्हणजे कायदा अधिकार काढून घेतो, पण जबाबदारी एकदम उतरवून ठेवू देत नाही. जे आहे ते जपावे, उधळू नये, मोडतोड करू नये आणि योग्य अधिकार मिळविण्याच्या मार्गाला लागावे, असा त्याचा व्यवहारातला अर्थ.

मग शहाणपणाचा मार्ग कोणता? तो असा की, मुखत्यारपत्र हे शेवटचे साधन न मानता पहिले मानावे. ज्या काळात वडिलांना व्यवहार समजतो आहे, त्या काळात त्याचा उपयोग करून, नंतर कोणाच्या सहीवाचून चालेल अशी घडी बसवून घ्यावी. निदान झाले म्हणजे सारे संपले, असेही नाही. त्याच कायद्याचे कलम १२ सांगते की, एरवी मन विकल असलेला मनुष्यही, ज्या वेळी त्याचे मन स्वस्थ असते, त्या वेळी करार करू शकतो. आजाराच्या आरंभी पुष्कळ रुग्ण सकाळच्या प्रहरी चांगले समजून-उमजून बोलतात. अशा वेळी कागद करावा, त्याच दिवसाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे, आणि साक्षीदार असे घ्यावेत की ज्यांना त्या व्यवहारात लाभ नाही. वकिलांनी कागद वाचून दाखवावा आणि वडिलांनी तो आपल्या शब्दांत परत सांगावा. नुसती मान हलविणे म्हणजे समजणे नव्हे.

घडी बसवावयाची म्हणजे काय करायचे, ते क्रमाने पाहू.

प्रथम सर्व ठेवींची यादी करावी. कोणत्या बँकेत, कोणत्या पोस्टात, किती रक्कम, मुदत कधी भरते, हे एका वहीत उतरवावे. बहुतेक घरांत अर्धी माहिती वडिलांच्या डोक्यात असते, आणि ती अर्धीच आधी हरवते.

दुसरे, संयुक्त खाते. 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' या अटीवर खाते असले, म्हणजे रोजचा खर्च दुसऱ्याच्या सहीने चालतो. परंतु मुदतबंद ठेव याच अटीवर असली, तरी मुदतीपूर्वी मोडावयाची झाल्यास, दोघेही हयात असताना दोघांच्याही सह्या लागतात, हे अनेकांना ठाऊक नसते. यास्तव एकच मोठी, दीर्घ मुदतीची ठेव न ठेवता तिचे लहान लहान भाग करावेत. दर काही महिन्यांनी एक भाग मोकळा होईल, अशा त्यांच्या मुदती लावाव्यात, आणि व्याज व मुदतीअखेरची रक्कम आपोआप संयुक्त खात्यात जमा व्हावी, अशी सूचना बँकेला आधीच लिहून द्यावी. अण्णांच्या घरी एवढे एक काम झाले असते, तर त्या दिवशी ठेव मोडण्याचा प्रसंगच आला नसता. मात्र संयुक्त खाते हाही सर्व रोगांवरचा उतारा नव्हे. एका खातेदाराचे मन विकल झाल्याची लेखी खबर बँकेला गेली, तर ती सावध होऊन व्यवहार थांबवू शकते.

तिसरे, निवृत्तिवेतन. केंद्र सरकारचे निवृत्तिवेतन ज्या खात्यात जमा होते, ते संयुक्त करता येते ते पती-पत्नींचे. मुलाचे नाव त्यात घालता येत नाही. तेव्हा त्या खात्यातून दरमहा ठराविक रक्कम घरखर्चाच्या खात्यात वळती करण्याची कायम सूचना वडिलांच्या सहीने देऊन ठेवावी. हयातीचा दाखला दर वर्षी द्यावा लागतो. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' या योजनेखाली तो संगणकाद्वारे देता येतो, आणि २०२१ पासून चेहऱ्याच्या ओळखीवरून घरबसल्या मोबाइलवरूनही देता येऊ लागला. गोंधळलेल्या वृद्धाला रांगेत उभे करण्याचे त्यामुळे टळते.

चौथे, नामनिर्देशन. येथे मोठा गैरसमज आहे. ठेवीवर नाव लावलेला मनुष्य ठेवीदाराच्या मृत्यूनंतर बँकेकडून रक्कम स्वीकारतो. ठेवीदार जिवंत असेपर्यंत त्याला त्या पैशाला स्पर्श करण्याचा अधिकार नाही. शिवाय रक्कम स्वीकारली, म्हणून तो एकटाच तिचा धनी ठरत नाही. वारसांचे हक्क त्यांच्या जागी राहतात.

पाचवे, ज्यांची मिळकत बरीच आहे आणि ज्यांना शंका आधीच आली आहे, त्यांनी १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याप्रमाणे खासगी न्यास करण्याचा विचार वकिलांशी बोलून करावा. न्यासात घातलेला पैसा विश्वस्तांच्या हाती जातो आणि वडिलांच्या निर्वाहासाठीच खर्च होतो. वडिलांचे मन पुढे विकल झाले, तरी न्यास मोडत नाही. मृत्युपत्र करावयाचे असेल, तर तेही याच काळात. कारण दुसऱ्यासाठी मृत्युपत्र करण्याचा अधिकार कोणत्याही मुखत्याराला नसतो. गोव्यातील कुटुंबांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. तेथील कायद्याप्रमाणे विवाहाच्या वेळी वेगळा करार झालेला नसेल, तर पती-पत्नींची मालमत्ता समाईक असते आणि घर-जमीन विकण्यास दोघांचीही संमती लागते. वडिलांच्या विस्मरणाने आईचा अर्धा वाटाही अडकून पडू शकतो.

आणि घाईने एक गोष्ट करू नये. 'पुढे कटकट नको' म्हणून राहते घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून मोकळे होणे, हा मार्ग वृद्धाला निराधार करणारा आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास परत मिळविण्याची तरतूद ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात, कलम २३ मध्ये आहे. परंतु ज्याला आपण घर दिले हेच आठवत नाही, तो तक्रार कोणाकडे नेणार?

हे सारे करण्याची वेळ निघून गेली असेल, तर उरतो तो न्यायालयाचा मार्ग. संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाकडे अर्ज करून, रुग्णाच्या देहाचा व मालमत्तेचा पालक नेमून घ्यावा लागतो. केरळच्या उच्च न्यायालयाने २०१९ साली, बेशुद्धावस्थेत पडून राहिलेल्या रुग्णांच्या संदर्भात, अशा नेमणुकीची पद्धत घालून दिली. तीत वैद्यकीय मंडळाची तपासणी, मालमत्तेची व नातेवाइकांची महसूल अधिकाऱ्याकडून चौकशी आणि पालकाने वेळोवेळी द्यावयाचा हिशेब यांचा समावेश आहे. गोव्यातील कुटुंबाला त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या पर्वरी येथील खंडपीठाकडे, बेळगावकरांना कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे, इंदूर व ग्वाल्हेरच्या लोकांना त्या त्या शहरातील खंडपीठाकडे, वडोदरेकरांना अहमदाबादला आणि हैदराबादकरांना तेथील तेलंगण उच्च न्यायालयाकडे जावे लागते. हा मार्ग खर्चाचा आहे, त्यात वेळ जातो. परंतु त्यातून मिळणारा अधिकार पक्का असतो. अण्णांच्या थोरल्या मुलाने अखेर हाच मार्ग धरला.

अर्जासोबत भावाची आणि बहिणीची संमती हवी होती. धाकटा भाऊ हैदराबादहून आला. त्याच्या मनात काय होते, ते त्याने लपविले नाही. "दादा, दोन वर्षे सह्या तुझ्याच होत्या. अण्णांचे पैसे किती होते आणि आता किती आहेत, हे आम्हाला कधी कळले नाही."

थोरल्याला ते शब्द लागले असतील. पण तो काही न बोलता आत गेला आणि एक वही घेऊन आला. अण्णा पोस्टात वापरीत तसलीच, लाल कापडी पाठीची. मुखत्यारपत्र झाल्या दिवसापासून प्रत्येक जमा, प्रत्येक खर्च तारखेसह तीत उतरविलेला होता: औषधांच्या पावत्या, डॉक्टरांची फी, घराच्या कौलांची दुरुस्ती. स्वतःच्या घरखर्चातून अण्णांसाठी जे गेले, ते वेगळ्या पानावर. परत मात्र घेतलेले नव्हते. बहिणीने ती पाने उलटली, भावाने एका पानाची बेरीज करून पाहिली, आणि दोघांनी संमतीपत्रावर सह्या केल्या. मुखत्याराने हिशेब दिला पाहिजे, असे कायदाही सांगतो. परंतु कायद्याच्या आधी ती वही तीन भावंडांच्या नात्याच्या उपयोगी पडली.

दुसऱ्याचा पैसा सांभाळण्याचा सारा धर्म या वहीत आला. वडिलांचे पैसे आणि आपले पैसे एका खात्यात मिसळू नयेत. त्यांचे पैसे धंद्यात, शेअरबाजारात वा नातलगाच्या अडचणीत गुंतवू नयेत. दर तीन महिन्यांनी भावंडांना हिशेबाची नक्कल पाठवावी. विचारले नसले तरी पाठवावी. आणि दारावरच्या चोरांकडे लक्ष ठेवावे. आजचा चोर फोनवरून येतो. कधी बँकेचा माणूस होऊन गुप्त आकडा मागतो, तर कधी पोलीस होऊन अटकेची भीती घालतो. गोंधळलेला वृद्ध त्याचे ऐकतो. यास्तव खात्यातून एका वेळी निघणाऱ्या रकमेवर मर्यादा घालून घ्यावी, आणि फसवणूक झालीच, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे.

एवढी व्यवस्था करताना एका गोष्टीचा विसर पडू नये. ज्याच्या पैशाची ही व्यवस्था आहे, तो मनुष्य अजून घरात आहे. अण्णांच्या हातून खातेपुस्तक गेले, तेव्हा ते दोन दिवस अस्वस्थ होते. खिसे चाचपीत, कोणी आपल्याला लुबाडले आहे असे पुटपुटत. ज्याने आयुष्यभर लोकांचे पैसे मोजले, त्याच्या खिशात आज एक नाणे नसावे, हे दुःख त्यांना सांगता येत नव्हते. सुनेला मात्र ते समजले. तेव्हापासून ती रोज सकाळी दहा-दहाच्या वीस नोटा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवते.

अण्णा त्या टेबलावर मांडतात. बोटाला पाणी लावून सराईतपणे मोजतात. मोजणी कधी अठरा येते, कधी बावीस. मग ते समोर पाहून विचारतात, "बरोबर आहे ना?"

आणि मुलगा वहीत त्या दिवसाची तारीख घालता घालता म्हणतो, "बरोबर आहे, अण्णा. हिशेब जुळला."